सुईचा उपचार आणि विम्याचा पैसा

कंबरदुखी, गुडघेदुखी, मानेचे दुखणे अथवा अर्धशिशी यांनी गांजलेला मनुष्य प्रथम घरगुती उपाय करतो, मग डॉक्टरकडे जातो, महिनोन्महिने गोळ्या घेतो. आणि गोळ्यांनी पोट बिघडू लागले म्हणजे कोणीतरी त्यास सुचवितो की, एकदा सुया टोचून घेऊन पाहा. आमच्या बेळगाव भागातील कितीतरी कुटुंबांत हल्ली असे घडत आहे. कोणी मिरजेस जातो, कोणी कोल्हापुरास, कोणास गावातच उपचार मिळतो. गुण येवो वा न येवो, दहाबारा बैठकी झाल्यावर बिलांची चळत तेवढी हमखास जमते. मग घरातील कर्ता मनुष्य म्हणतो, "आपण दरसाल आरोग्यविम्याचा एवढा हप्ता भरतो, तर हा खर्च विमा कंपनीकडून का मागू नये?"

प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर मात्र असे आहे की, आजच्या घडीला आपल्या देशात हा खर्च बहुधा मिळत नाही. का मिळत नाही हे नीट समजून घेतले तर क्वचित कोठे मिळण्याचा मार्ग दिसतो, आणि न मिळणाऱ्या पैशाच्या आशेवर होणारा खर्च तरी टळतो. आम्ही वैद्य नव्हे आणि विम्याचे एजंटही नव्हे. मुलांना शब्दांचे अर्थ काढावयास शिकविणे हा आमचा पेशा. पण विमापत्र म्हणजे तरी काय? ज्यातील एकेका शब्दावर पैसा मिळणे अथवा न मिळणे ठरते असा तो एक धडाच आहे, आणि तो धडा बहुतेक घरांत कपाटातील पिशवीत न वाचलेला पडून असतो.

ॲक्युपंक्चर ही मूळची चीनमधील विद्या. केसासारख्या बारीक, सुमारे पाव मिलिमीटर जाडीच्या पोलादी सुया अंगावरील ठराविक ठिकाणी टोचावयाच्या, वीस ते तीस मिनिटे ठेवावयाच्या आणि काढून घ्यावयाच्या. चिनी वैद्यकाप्रमाणे शरीरातून जीवनशक्तीचे प्रवाह वाहतात आणि सुई त्यांतील अडथळा दूर करते. आधुनिक शास्त्रज्ञ हे प्रवाह मानीत नाहीत. सुईमुळे मज्जातंतू चाळवले जातात आणि शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्ये सोडते, असे ते म्हणतात. सुई निर्जंतुक असावी, एकदाच वापरून टाकून द्यावी आणि टोचणारा हात शिकलेला असावा, याविषयी मात्र दोन्ही पक्षांत वाद नाही. छातीवर वा खांद्यालगत अडाणी हाताने खोल टोचल्यास फुप्फुसास इजा होऊ शकते. पायास बधिरता येत असेल, लघवीवरचा ताबा जात असेल, तर सुयांच्या नादी न लागता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

ही विद्या आपल्याकडे कशी आली त्यात मराठी माणसास आपुलकी वाटेल असा एक धागा आहे. १९३८ साली जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीस काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीसांनी ९ डिसेंबर १९४२ रोजी तिकडेच देह ठेवला, आणि १९४६ साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढल्यामुळे त्यांचे नाव घरोघर झाले. सुईचा उपचार कोटणीसांनीच भारतात आणला असे सांगणारे पुष्कळ भेटतात; ते खरे नव्हे. कोटणीस होते शल्यविशारद. ही विद्या आणली ती त्याच पथकातील बंगाली डॉक्टर विजयकुमार बसू यांनी. १९५८ साली ते पुन्हा चीनमध्ये गेले, तेथे ती शिकले आणि परत येऊन कलकत्त्यात तिचा उपयोग करू लागले. या विद्येविषयीचा कायदा प्रथम पश्चिम बंगालने, १९९६ साली केला, यात त्यामुळे नवल वाटू नये. महाराष्ट्राचा कायदा २०१५ चा. त्याअन्वये ॲक्युपंक्चरची स्वतंत्र परिषद स्थापन झाली असून उपचार करणाऱ्यांची नोंदणी ती करते.

केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २००३ च्या आदेशात ॲक्युपंक्चर ही उपचाराची एक रीत आहे, नोंदणीकृत वैद्यकांनी अथवा योग्य शिक्षण घेतलेल्यांनी ती वापरण्यास हरकत नाही, एवढे मान्य केले. पुढे २१ फेब्रुवारी २०१९ रोजी केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने तिला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. याच आदेशाचा कागद चौकटीत बसवून काही दवाखान्यांत भिंतीवर टांगलेला असतो, आणि तो पाहून रुग्णाची समजूत होते की, सरकारने मान्य केले म्हणजे विमा कंपनीसही मान्य करावेच लागेल.

येथेच घोटाळा होतो. शिक्षकी पेशातील माणसास हा भेद चटकन उमगेल. शाळा 'मान्यताप्राप्त' असणे वेगळे आणि 'अनुदानित' असणे वेगळे. मान्यतेने शाळा चालविता येते, मुलांना परीक्षेस बसविता येते. शिक्षकांच्या पगाराचा पैसा मात्र मान्यतेने येत नाही, त्यास अनुदानाचा वेगळा हुकूम लागतो. ॲक्युपंक्चरची आजची स्थिती मान्यताप्राप्त, परंतु विनाअनुदानित शाळेसारखी आहे. २०१९ च्या आदेशाने उपचार करणाऱ्याच्या धंद्यास आधार मिळाला. विमाधारकाच्या खिशास मिळाला नाही.

मग विम्याचा पैसा कशाने मिळतो? विमापत्राच्या आरंभी व्याख्यांची पाने असतात. ती रुक्ष असतात म्हणून लोक उलटून टाकतात. पण या व्याख्या कोण्या एका कंपनीच्या मनच्या नाहीत. हैदराबादेस मुख्य कचेरी असलेल्या भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने त्या ठरवून दिल्या असून सगळ्या कंपन्यांच्या विमापत्रांत त्या जवळजवळ सारख्याच शब्दांत असतात. त्यांतील तीन-चार शब्द जरी कोणी समजून घेतले तरी आमचा हा लेख कारणी लागला असे आम्ही समजू.

पहिला शब्द 'वैद्यकीय व्यवसायी'. विम्याच्या दृष्टीने डॉक्टर कोण? ज्याची नोंदणी कोणत्याही राज्याच्या वैद्यकीय परिषदेत, राष्ट्रीय वैद्यकीय परिषदेत, अथवा भारतीय चिकित्सा किंवा होमिओपॅथी यांच्या सरकारस्थापित परिषदेत आहे, आणि जो त्या परवान्याच्या मर्यादेत व हद्दीत काम करीत आहे, तो. ॲक्युपंक्चरच्या परिषदेचे नाव या यादीत नाही. अर्थात सुया टोचणारा मनुष्य मुळात एम.बी.बी.एस. वा अन्य नोंदलेला डॉक्टर असेल तर या पहिल्या उंबरठ्यावर तो अडखळत नाही. नुसता ॲक्युपंक्चरचा पदविकाधारक असेल तर तो कितीही निष्णात असला तरी अडखळतो. आपण सीमाभागातील माणसे. आपल्यापुरता यात आणखी एक पेच आहे. 'हद्द' हा शब्द पाहा. महाराष्ट्रातील परिषदेची नोंदणी महाराष्ट्राच्या कायद्याने झालेली आहे. मिरजेचा नोंदलेला उपचारक आठवड्यातून एक दिवस कर्नाटकात येऊन सुया टोचीत असेल, तर तेथे त्याच्या पाटीवरील महाराष्ट्राच्या नोंदणीक्रमांकाचा आधार घेता येईलच असे धरून चालू नये.

दुसरा शब्द 'रुग्णालय'. खाटा असल्या म्हणजे रुग्णालय होत नाही. स्थानिक कायद्याखाली नोंदणी नसेल, तर दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावी निदान १० खाटा आणि मोठ्या शहरी १५ खाटा, चोवीस तास परिचारिका व डॉक्टर, स्वतःची शस्त्रक्रियेची खोली आणि रोजच्या रोज ठेवलेल्या नोंदी, इतके सर्व लागते. सुईचा उपचार जेथे होतो ती जागा बहुधा दोन पलंगांची खोली असते, आणि त्या उपचारास याहून अधिक लागतही नाही.

तिसरा आणि सर्वांत जड शब्द 'दाखल होणे'. आपल्याकडील साधा आरोग्यविमा हा मुळात रुग्णालयात किमान सलग २४ तास दाखल झालेल्या रुग्णाचा विमा आहे. याला मुख्य अपवाद एक. एका दिवसात होणाऱ्या उपचारांचा व शस्त्रक्रियांचा. मोतीबिंदू हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. पूर्वी ज्यास दिवसाहून अधिक काळ राहावे लागले असते, पण नव्या साधनांमुळे आता थोड्या तासांत होते, आणि जे भूल देऊन रुग्णालयातच होते, असे काम त्यात बसते. बाह्यरुग्ण म्हणून जो उपचार सामान्यतः घेतला जातो तो यात मोडत नाही, असे त्या व्याख्येत स्पष्ट म्हटलेले आहे. सुया टोचून अर्ध्या तासात बस गाठणारा मनुष्य हा बाह्यरुग्णच होय.

आमच्या एका सहशिक्षकाचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. दोन वर्षांची कंबरदुखी. त्यांनी चौदा बैठकी घेतल्या, त्यांना आरामही पडला. बिले, पावत्या, डॉक्टरांची चिठ्ठी असा सगळा संच त्यांनी कंपनीकडे धाडला. महिन्याभरात नकार आला, आणि नकाराच्या पत्रात तीन कारणे होती : रुग्ण दाखल झालेला नव्हता, उपचार करणारा व्याख्येप्रमाणे वैद्यकीय व्यवसायी नव्हता, उपचाराची जागा रुग्णालय नव्हती. "गुण आला हे त्यांनी विचारलेसुद्धा नाही," असे म्हणून ते फार संतापले. त्यांचा संताप आम्हांस समजतो. पण विमापत्र घेऊन आम्ही दोघे बसलो तेव्हा ती तिन्ही कारणे त्यातील शब्दांस धरून होती असे दिसले. गुण आला की नाही हा प्रश्न विमापत्रात कोठेच नव्हता.

चौथी अडचण कधी पुढे येते, कधी येत नाही. 'सिद्ध न झालेले उपचार' वगळण्याचे एक प्रमाणित कलम सर्वत्र असते. ज्यांच्या परिणामकारकतेस पुरेसा वैद्यकीय आधार नाही असे उपचार त्यात येतात. काही विमापत्रांत तर ॲक्युपंक्चर आणि ॲक्युप्रेशर यांची नावे घेऊनच ते उपचार वगळलेले आढळतात. नाव घेतलेले असेल तेथे पुढे वाचण्याचे श्रम वाचतात.

वाचक विचारतील की, आयुष उपचारांस विमा लागू झाला असे वर्तमानपत्रांत आले होते त्याचे काय? ते खरे आहे. प्राधिकरणाने ३१ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकाने कंपन्यांना बजावले की, आयुष उपचारांस इतर उपचारांच्या बरोबरीने वागवावे, आणि १ एप्रिल २०२४ पासून हे अंमलात आले. परंतु आयुष या नावात आयुर्वेद, योग व निसर्गोपचार, युनानी, सिद्ध आणि होमिओपॅथी एवढ्या पद्धती विम्याच्या व्याख्येत धरलेल्या आहेत. ॲक्युपंक्चर त्यात नाही. शिवाय जे आत आहेत त्यांनाही दाखल होण्याची अट चुकलेली नाही. युनानीतील हिजामा, म्हणजे तुंबडी लावण्याचा उपचार, आमच्याकडील पुष्कळ कुटुंबांत चालतो. युनानी पद्धत मान्य, हकीमसाहेब नोंदलेले, सर्व यथास्थित. तरीही सकाळी जाऊन हिजामा करून दुपारी घरी जेवावयास आलेल्या माणसास साधा विमा पैसा देत नाही, कारण तो दाखल झालेला नसतो. यावरून ध्यानात येईल की, सुईला आयुषमध्ये घेतले तरी निम्मेच काम होईल.

एक अरुंद वाट मात्र आहे. निसर्गोपचाराचे साडेपाच वर्षांचे पदवीशिक्षण आपल्या कर्नाटकात पुष्कळ वर्षे चालू आहे, आणि त्या पदवीधरांपैकी काही आपल्या उपचारांत सुयांचाही वापर करतात. व्याख्येत बसणाऱ्या आयुष रुग्णालयात, म्हणजे निदान ५ खाटा, चोवीस तास आयुष वैद्य आणि रोजच्या नोंदी असलेल्या जागी, वैद्यकीय गरज म्हणून कोणी दाखल झाला आणि तेथील एकूण उपचारांत सुयाही आल्या, तर त्या बिलाचा विचार होऊ शकतो. येथेही सावधपणा हवा. आरामासाठी, वजन उतरविण्यासाठी अथवा हवापालटासाठी निसर्गोपचार केंद्रात राहणे हे वगळण्याचे वेगळे प्रमाणित कलम आहे. म्हणून दाखल होण्यापूर्वी कंपनीस लेखी विचारावे आणि लेखी उत्तर घ्यावे. "काही काळजी करू नका, होऊन जाईल" हे एजंटाचे तोंडी उत्तर दाव्याच्या वेळी कोणीही ऐकून घेत नाही.

आता परदेशी काय चालते ते थोडे पाहू. कारण तेथे हा प्रश्न कसा सुटला हे पाहिल्याशिवाय आपल्याकडे तो का अडला आहे हे उमगत नाही.

जर्मनीत विमा सक्तीचा आहे आणि विमानिधी लोकांच्या वर्गणीवर चालतात. सुईच्या उपचाराची मागणी फार वाढली तेव्हा त्या निधींनी होय अथवा नाही असे उत्तर न देता मोठ्या प्रमाणावर चाचण्या करविल्या. कंबरदुखीच्या चाचणीत १,१६२ रुग्ण घेतले. त्यांचे तीन गट पाडले. एकास चिनी शास्त्राप्रमाणे सुया टोचल्या; दुसऱ्यास भलत्याच जागी, वरवर टोचल्या; तिसऱ्यास औषधे, व्यायाम असा नेहमीचा उपचार दिला. सहा महिन्यांनी पाहिले तो पहिल्या गटात शंभरांपैकी सुमारे ४८ जणांस चांगला उतार पडला होता, दुसऱ्यात ४४ जणांस आणि तिसऱ्यात केवळ २७ जणांस. हा निकाल मोठा चमत्कारिक आहे. सुईवाल्यांस म्हणता येईल की, आमचा उपचार नेहमीच्या उपचाराहून पुष्कळ सरस ठरला. टीकाकारांस म्हणता येईल की, खरी जागा आणि भलती जागा यांत फरकच नाही, तर तुमचे शास्त्र कोठे राहिले? दोघेही खरे. जर्मनीतील डॉक्टर, रुग्णालये आणि विमानिधी यांच्या संयुक्त समितीने या वादात न पडता असा विचार केला की, रुग्णास नेहमीच्या उपचाराहून अधिक आराम पडतो ना, मग पैसा द्यावा. अर्धशिशीच्या चाचणीत मात्र सुई नेहमीच्या औषधांहून निश्चित सरस ठरली नाही. म्हणून तेथे पैसा नाकारला. १ जानेवारी २००७ पासून तेथे दोनच दुखण्यांस सुईचा खर्च मिळतो : कमरेच्या मणक्याचे जुने दुखणे आणि गुडघ्याच्या झिजेचे जुने दुखणे. दुखणे सहा महिन्यांचे तरी हवे. बैठकी १०, अपवाद म्हणून १५. आणि टोचणारा विशेष शिक्षण घेतलेला डॉक्टरच हवा.

अमेरिकेत पासष्ट वर्षांवरील लोकांसाठी मेडिकेअर नावाचा सरकारी विमा आहे. त्याने अनेक वर्षे सुईस साफ नकार दिला होता. २१ जानेवारी २०२० रोजी तो बदलला, तोही फक्त जुन्या कंबरदुखीपुरता. बारा आठवडे वा अधिक टिकलेली, विशिष्ट रोगामुळे, शस्त्रक्रियेमुळे वा गरोदरपणामुळे न आलेली कंबरदुखी असेल तर ९० दिवसांत १२ बैठकी. सुधारणा दिसल्यास आणखी ८. वर्षाकाठी २० हून अधिक नाही. सुधारणा न दिसल्यास उपचार थांबवावयाचा. रुग्णाने आपला पाचवा हिस्सा भरावयाचा तो निराळाच. अफूजन्य वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाने त्या देशात जो अनर्थ माजविला होता, त्यामुळे बिनगोळीच्या उपचाराकडे सरकारचे लक्ष वळले. आपल्यातील ज्या आईवडिलांची मुले तिकडे आहेत त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाहुणे म्हणून सहा महिने गेलेल्यांस मेडिकेअर लागू नाही. इकडून जाताना प्रवासविमा घेतला जातो तो अकस्मात आजाराचा असतो. जुन्या कंबरदुखीवर तिकडे सुया टोचून घेतल्यास बिल मुलाच्याच खिशातून जाईल.

इंग्लंडची गोष्ट आणखी बोधप्रद आहे. तेथील सरकारी मार्गदर्शक संस्थेने २००९ साली कंबरदुखीस सुईची शिफारस केली, २०१६ साली ती काढून घेतली, आणि २०२१ साली ज्या जुन्या वेदनांचे मूळ कारण सापडत नाही अशा दुखण्यांसाठी तिचा विचार करावा असे म्हटले. पुरावा बहुतेक तोच. भलत्या जागी टोचूनही जवळजवळ तितकाच गुण येतो, या गोष्टीस किती महत्त्व द्यावयाचे एवढाच मतभेद. पण तिन्ही देशांत एक गोष्ट समान आहे. 'ॲक्युपंक्चर चांगले की वाईट' असा मोघम प्रश्न कोणीच सोडविला नाही. कोणते दुखणे, किती जुने, किती बैठकी, कोणाच्या हातून आणि केव्हा थांबावयाचे, इतके ठरले तेव्हाच पैशाची गोष्ट निघाली. आपल्याकडे मान्यता मिळाली, परंतु हा हिशोब अजून कोणी मांडलेला नाही. तो मांडला जाईपर्यंत कंपन्यांना दोष देऊन फारसे हाती लागणार नाही, असे आमचे मत आहे. मणक्याच्या शस्त्रक्रियेस लाखभर रुपये निमूटपणे देणारा विमा बारा सुयांच्या बैठकींना पाच हजार देत नाही, हे विपरीत दिसते खरे. पण लहान, वारंवार येणारा खर्च वाटून घेण्यासाठी हा विमा रचलेलाच नाही. अचानक कोसळणाऱ्या मोठ्या खर्चासाठी तो रचलेला आहे.

लहान खर्चासाठी काही कंपन्या बाह्यरुग्ण खर्चाची वेगळी पुरवणी विकतात. ती घेण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. समजा, पुरवणीचा जादा हप्ता वर्षास ३,००० रुपये आहे आणि तीत खर्चाची मर्यादा ५,००० रुपये आहे. म्हणजे पुरेपूर खर्च झाला तरच २,००० रुपयांचा लाभ. खर्च ३,००० च्या आत राहिला तर उलट तोटा. शिवाय त्या पुरवणीत 'डॉक्टरची फी, तपासण्या आणि औषधे' एवढेच लिहिलेले असेल तर सुईच्या बैठकी त्यात येतातच असे नाही, कारण वैद्यकीय व्यवसायीची व्याख्या तेथेही लागू असते. ज्यांस उपचार घ्यावयाचाच आहे त्यांनी महिन्यास चारशे रुपये बाजूस टाकले तर वर्षाकाठी ४,८०० रुपये जमतात, आणि त्यासाठी कोणाच्या व्याख्येत बसावे लागत नाही.

एका गोष्टीविषयी मात्र आम्हांस कडक शब्द वापरावे लागतात. "एक रात्र दाखल झाल्याचे कागद करून देतो, बिलावर फिजिओथेरपी लिहितो, कंपनीकडून पैसे मिळतील," असे सांगणारे भेटतात. ऐकणाऱ्यास वाटते, कंपनी मोठी आहे, तिला काय फरक पडतो! फरक पडतो तो आपल्याला. खोटा दावा उघडकीस आला म्हणजे तो तर नाकारला जातोच, पण सबंध विमापत्र रद्द होऊ शकते आणि भरलेले हप्ते बुडतात. पाच वर्षे, म्हणजे ६० महिने, सलग हप्ते भरल्यावर जुनी माहिती लपविली या कारणाने कंपनीस दावा नाकारता येत नाही, असा विमाधारकास मोठा आधार देणारा नियम आहे. पण सिद्ध झालेली फसवणूक त्यातून वगळलेली आहे. त्याच विमापत्रात वृद्ध आईवडिलांची नावे असली, तर चार-पाच हजारांच्या लोभाने त्यांचे हृदयविकाराचे वा कर्करोगाचे संरक्षण आपण घालवून बसतो, आणि त्या वयात नवे विमापत्र सहजी मिळत नाही.

नवे विमापत्र घेणाऱ्यांनी जुनी कंबरदुखी वा गुडघेदुखी अर्जात अवश्य लिहावी. पूर्वीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षाकाल असतो, तो आता जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा आहे. लपविल्याने तो टळत नाही, तंटा मात्र वाढतो. विमापत्र हाती पडल्यापासून ३० दिवसांत ते नापसंत म्हणून परत करता येते. हे तीस दिवस व्याख्यांची पाने वाचण्यासाठीच दिले आहेत असे समजावे. इंग्रजी अडत असेल तर घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना वाचावयास लावावे. त्यांचाही अभ्यास होईल.

नकार आला आणि तो अन्यायाचा वाटला, तर प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही, अथवा आलेले पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत. शुल्क नाही, वकील लागत नाही. कर्नाटकात राहणाऱ्यांसाठी ही कचेरी बंगळूर येथे आहे, कोल्हापूर-सांगलीकडील नातलगांसाठी पुण्यास, तेलंगणातील मंडळींसाठी हैदराबादेस, इंदूर-ग्वाल्हेरकरांसाठी भोपाळास आणि बडोदेकरांसाठी अहमदाबादेस. लोकपाल विमापत्रात नसलेला शब्द घालू शकत नाही. त्यामुळे खोलीवजा दवाखान्यातील सुयांच्या बिलासाठी तेथवर जाण्यात अर्थ नाही. परंतु मान्य आयुष रुग्णालयातील खराखुरा दाखला असताना बिलात सुयांचा उल्लेख आहे एवढ्याच कारणाने सबंध दावा नाकारला असेल, तर अवश्य जावे. सोबत विमापत्राची प्रत, कंपनीचे नकाराचे पत्र, आपण केलेल्या तक्रारीची प्रत, रुग्णालयाचा नोंदणीक्रमांक आणि रोजच्या उपचारांच्या नोंदींची प्रत जोडावी. या शेवटच्या नोंदी घरी निघण्यापूर्वीच मागून घ्याव्यात. मागाहून त्या मिळविताना फार फेऱ्या पडतात.